मागच्या बागेतले बुलबुल

बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसू लागली, तेव्हा निवृत्त हेडक्लार्कांनी मागची बाग पक्ष्यांना राहण्यालायक करायचं ठरवलं. तिचं मन रमावं, एवढाच हेतू होता.

कुंपणाशी एक माजलेलं झुडूप होतं आणि त्यात बुलबुलांची जोडी राहत होती. हेडक्लार्कांच्या मते हे वास्तव्य अनधिकृत होतं. पाहुणे यायचे तर आधी साफसफाई हवी, म्हणून त्यांनी झुडूप मुळासकट काढलं. मातीत किडे दिसले, तेव्हा औषध फवारलं. मग हिरवळ लावली, पाण्याचं चिनी मातीचं भांडं ठेवलं आणि रंगवलेली लाकडी घरटी एका ओळीत, सारख्या उंचीवर टांगली.

बुलबुल निघून गेले.

"आता कसं मोकळं दिसतंय," हेडक्लार्क म्हणाले.

"दिसतंय खरं," बायको म्हणाली. "आता त्यात बघायचं काय, तेवढं सांगा."

तोडगा जावयाने काढला. त्याने हिरवळीत दगडासारखा दिसणारा एक स्पीकर बसवला. तो रोज सकाळी ठरल्या वेळी बुलबुलाच्या आवाजात गाऊ लागला. हेडक्लार्कांना हा बुलबुल फारच पसंत पडला; खऱ्या बुलबुलांनी वेळ कधीच पाळली नव्हती.

वसाहतीच्या समितीने बागेची पाहणी केली. अध्यक्षीणबाईंनी डोळे मिटून गाणं ऐकलं आणि भिंतीवर 'पक्षीस्नेही बाग' अशी पितळी पाटी लावून घेतली. दुसऱ्याच दिवशी त्या गाण्याला साद देत एक खरा बुलबुल आला, पाटीवर बसला आणि पाटी घाण करून गेला. असले प्रकार पुन्हा होऊ नयेत, म्हणून हेडक्लार्कांनी सगळ्या बागेवर जाळी बसवली.

त्या दिवसापासून बायको काठी टेकत शेजारणीच्या रान माजलेल्या परसात जाऊन बसू लागली. बुलबुल तिथेच होते. रोजच्या चालण्याने गुडघा झपाट्याने सुधारला. डॉक्टरांनी कौतुक केलं, तेव्हा हेडक्लार्कांनी सगळं श्रेय नम्रपणे आपल्या बागेला दिलं.

ही हकीकत ऐकून लोक पोट धरून हसतात. हसून झाल्यावर हळूच विचारतात, तो स्पीकर मिळतो कुठे? झुडूप कोणतं लावावं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्ही तेच विचारणार होतात, असं मी धरून चालतो.