सुगरणीची फुकट गाठ

एका जंगलात, जिथे 'फुकट' म्हटलं की सगळे कान टवकारत, एक सुगरण राहायची. तिने घरटं टांगायची एक नवी गाठ शोधली. वाऱ्याने सुटायची नाही, पावसाने सैल पडायची नाही.

सुगरण दिलदार. तिने वडाच्या खोडाला पान चिकटवलं: 'गाठ वापरा. हवी तशी बदला. दुसऱ्यांना शिकवा. फुकट!' त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: 'पुढे काही झालं तर मी जबाबदार नाही.'

मुलांनो, मुंगीएवढी अक्षरं मुंग्याच वाचतात. आणि मुंग्यांना घरटं टांगायचं नसतं.

मनोली नावाच्या भित्र्या, चिमुकल्या पक्षिणीने त्या गाठीने घरटं टांगलं. तीन अंडी घातली.

चौथ्या दिवशी कोल्हा नोटीस घेऊन हजर!

"या गाठीचं पेटंट माझ्या नावावर आहे. उद्या दुपारपर्यंत गाठ सोड."

मनोली पंख पसरून अंड्यांवर बसली. "अहो, गाठ सोडली तर घरटं पडेल! माझी अंडी!"

"पडू देत. मी खाली उभा राहीन ना," कोल्हा प्रेमाने म्हणाला.

"पण गाठ सुगरणमावशीची. तिला का नाही धरत?"

"तिचं घरटं विहिरीवर टांगलेलं असतं, बाई. तुझी फांदी कशी हाताशी आहे."

मनोलीने सुगरणीकडे जाऊन सगळं सांगितलं.

"अगं, खालची ओळ वाचली नाहीस?"

"'फुकट' वाचलं आणि तिथेच थांबले, मावशी."

"सगळे तिथेच थांबतात गं," सुगरण ओशाळून म्हणाली. "आणि त्याने पेटंट काढलंय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं!"

दुसऱ्या दिवशी कोल्ह्याच्या तक्रारीवरून दरबार भरला. सिंहमहाराज झोपाळ्यावर झुलत होते. त्यांना गाठीतलं काहीच कळत नव्हतं, म्हणून निकाल चटकन लागला.

"ही गाठ जिथे जिथे असेल, तिथे तिथे आत्ताच्या आत्ता सोडा!"

मनोलीने घाबरून वर पाहिलं. आणि किंचाळली, "महाराज, आधी खाली उतरता का?"

"का गं?"

"तुमचा झोपाळा माकडांनी टांगलाय. आणि ते पान त्यांनीही वाचलंय. फुकटपर्यंत."

सिंहाने वर पाहिलं. मग खाली पाहिलं. खाली दगड होते.

"पेटंट रद्द," तो खाकरला. "ही गाठ पहिल्यापासून सर्वांचीच. मला आत्ताच आठवलं."

दहा दिवसांनी तीन पिल्लं चिवचिवली. त्याच सकाळी वडावर नवं पान लागलं: 'घरट्याला दार करायची सोपी पद्धत. फुकट!'

खालची ओळ मनोलीने याही वेळी वाचली नाही. ती आधी सिंहाच्या गुहेचं दार बघून आली.

तात्पर्य: फुकटची वस्तू घेताना अटी वाचत बसू नये. तीच वस्तू राजाच्या बुडाखाली आहे ना, तेवढं बघून घ्यावं.