वीतभर लाल रेघ

ऑपरेशननंतर सासरेबुवांच्या डोळ्यांवरची पट्टी शुक्रवारी निघाली आणि रविवारी सकाळी अकराला ते आपली जुनी गाडी बघायला येणार असं ठरलं, तेव्हाच जावईबापूंनी गप्प बसायला हवं होतं. पण ते फोनवर म्हणाले, "या बाबा, बघतच राहाल." (असं का म्हणालो, हे त्यांना फोन ठेवल्यावरही कळलं नाही.)

गाडी चाळीस वर्षं जुनी. सासरेबुवांनी ती पोटच्या पोरीसारखी जपली होती आणि डोळ्यांनी दगा दिल्यावर, तीन वर्षांपूर्वी, जावयाच्या गॅरेजमध्ये आणून लावली होती. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत तिच्या अंगावर क्रोमची लांब पट्टी होती आणि पट्टीच्या मधोमध, काडीएवढ्या खाचेत, लाल रंग. म्हणजे एकेकाळी होता. आता तिथं निव्वळ मळ होता.

जावईबापूंनी ठरवलं, हा रंग आपण स्वतः भरायचा. त्यामागं कारण होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण सासरेबुवांनी जावयाच्या कुठल्याही पराक्रमाला 'ठीक' यापलीकडे शब्द दिला नव्हता. बढती मिळाली, ठीक. घर बांधलं, ठीक. मुलगी झाली तेव्हा ते 'छान' म्हणाले होते, पण नातीकडे बघून. जावईबापूंना एकदा तरी तो शब्द स्वतःच्या नावावर हवा होता.

रंगाच्या दुकानदारानं शांतपणे सगळं समजावून सांगितलं. खाच काठोकाठ भरायची, बाहेर सांडलं तर सांडू द्यायचं. रंग बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, इतपत झाला की लाकडी पट्टीला घट्ट गुंडाळलेलं, थिनरनं जेमतेम ओलं केलेलं कापड वरून एकदाच ओढायचं. वरचा रंग जातो, खाचेतला राहतो. मात्र वीतभर भरायचं, वीतभर पुसायचं, मगच पुढची वीत.

रविवारी सकाळी आठला जावईबापू स्टूल घेऊन गाडीपाशी बसले. एक बाजू भिंतीला लागून होती, त्यामुळे तिची चिंता नव्हती. बायको दारात येऊन म्हणाली, "पुसायला मी येऊ का?" ते म्हणाले की काम नाजूक आहे, तू नुसतं बघ. शिवाय ती डावखुरी. जेवायला शेजारी बसली तरी तिचं कोपर त्यांच्या कोपराला लागायचं, मग इथं काय झालं असतं.

आता जावईबापू ऑफिसात सव्वीस वर्षं हेडक्लार्क. तिथं आधी सगळ्या कागदांवर शिक्के आणि मग सगळ्यांवर सह्या, अशी पद्धत. एक शिक्का, एक सही करत बसणारा माणूस त्यांच्या दृष्टीनं कच्चा. तेव्हा वीतभराचा सल्ला त्यांनी मनातल्या मनात नामंजूर केला. अर्धी पट्टी भरली, आत जाऊन ऐटीत चहा घेतला, बाहेर येऊन मागच्या टोकाकडून उरलेली अर्धी भरली, मध्यावर थोडा रंग पलीकडेही सांडला, आणि मग पुसायचं कापड हातात घेतलं.

पुढचा रंग तोवर दगड झाला होता. थिनरनं घासून घासून तो वरून नुसता चिकट झाला आणि त्यांचा दंड दुखला. घाबरून ते मागं गेले, तर तिकडचा इतका ओला की एका फटक्यात खाचेसकट सगळा निघाला आणि दरवाजाभर पसरला. घामाघूम होऊन त्यांनी मधल्या भागावरून हलकेच कापड फिरवलं आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

मधली एक वीत अप्रतिम झाली होती. क्रोम आरशासारखं लखलखत होतं आणि त्याच्या पोटातून लाल रेघ गेली होती, ना इकडे थेंब ना तिकडे. जावईबापू चक्क फरशीवर बसले. त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. या हातांनी आजवर साधा खिळा सरळ ठोकला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी बायकोला हाक मारली, तीही बराच वेळ त्या रेघेकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिली.

अकराला पाच मिनिटं असताना त्यांनी गाडीच्या पुढच्या भागावर चादर टाकली, मागच्या भागाला स्वतः पाठ लावून उभे राहिले आणि मधली वीत तेवढी उघडी ठेवली.

सासरेबुवा आले. त्यांनी चादरीकडे एकवार पाहिलं. गुडघ्यावर हात ठेवून वाकले, नव्या डोळ्यांनी ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, मग अंगठा फिरवला.

"छान," ते म्हणाले.

"सहज आपलं, बसल्या बसल्या," जावईबापू पुटपुटले.

"कापड जिथं उचलतो तिथं रंगाची बारीक शेपटी राहते," सासरेबुवा म्हणाले. "उजव्या हाताचा माणूस ती उजवीकडे सोडतो. ही डावीकडे आहे." मग ते मुलीकडे वळले. "दहा वर्षांची होतीस तेव्हा शिकवलं होतं. हात अजून तसाच आहे."

बायको ओशाळली. हे चहाला आत आले तेव्हा तेवढी वीत पुसण्याजोगी झाली होती, वाया जाईल म्हणून पुसली, असं तिनं सांगितलं. "नंतर सांगणार होते. पण अहो, तुम्ही इतके खूश होतात."

जावईबापू गाडीपासून बाजूला झाले. पाठीला लागलेला रंग सगळ्यांना दिसला. चादर ओढली तर पुढच्या रंगाला चिकटून बसलेली, तीही सगळ्यांनी पाहिली.

सासरेबुवांनी बाह्या सरसावल्या आणि थिनर मागितलं. तासाभरात पट्टी कोरी झाली. मग म्हातारा भरू लागला आणि मुलगी पुसू लागली. वीतभर भरायचं, थांबायचं, वीतभर पुसायचं. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं, तरी त्याचा ब्रश उठायच्या क्षणी तिचं कापड तयार असायचं. रेघ पुढं पुढं सरकत होती आणि जावईबापू तोंड उघडं टाकून बघत होते. बावीस वर्षं आपण कुणाच्या शेजारी जेवतोय, हे त्यांना तेव्हा कळलं.

"झाकण," सासरेबुवा म्हणाले. डबा उघडा राहिला की रंगावर साय धरते, म्हणून ब्रश बुडवला की झाकण ठेवायचं, पुन्हा मागितला की काढायचं. अकरा फूट पट्टी होईपर्यंत जावईबापूंनी ते काम जिवापाड केलं.

शेवटची वीत पुसून झाली. सासरेबुवा ताठ झाले, सबंध रेघ डोळे भरून पाहिली आणि जावयाकडे वळून म्हणाले, "झाकण छान धरता तुम्ही."

सोमवारी जावईबापूंनी ऑफिसातल्या एकूण एक माणसाला सांगितलं की सासरे मला छान म्हणाले. कशाला म्हणाले, ते कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.