लोहारांची विलायती भावकी

धोंडीराम लोहाराच्या अंजनाची सुपारी फुटायची होती आणि ती फोडायला भावकीतलं एक माणूस मिळत नव्हतं. कोल्हापुरात माणसांचा दुष्काळ पडला होता असं मुळीच नाही. उद्यमनगराच्या मागच्या त्या गल्लीत कुणी नुसतं शिंकलं तरी चार डोकी दारात यायची. पण या घरची रीत मोठी अवघड. सुपारी घरच्या ऐरणीवर ठेवायची आणि मुलीच्या बापाच्या भावकीतल्या माणसानं ती हातोडीनं फोडायची. बापानं स्वतः फोडलेली चालत नाही, मामानं फोडलेली चालत नाही, आणि धोंडीरामच्या भावकीत उरला होता एकच माणूस, चुलतभाऊ आकाराम.

आकाराम दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि तीन वर्षं रुसून बसला होता. आजोबांची ऐरण आपल्या वाटणीला यायला हवी होती, हे त्याचं दुखणं. धोंडीराम सकाळीच त्याच्या दारात जाऊन हात जोडून आला होता.

"ऐरण माझ्या दारात येऊ दे, मग मी तुझ्या दारात येतो," आकाराम खाटेवरून न उठता म्हणाला. "जमत नसंल तर बघ जा की दुसरी भावकी!"

ऐरण देऊन धोंडीरामनं पोट कशावर भरायचं? तो परत फिरला.

घरी गडहिंग्लजचे पाहुणे येऊन बसले होते. मुलगा जयसिंग एस.टी.च्या वर्कशॉपात होता आणि अंजनाला तो पसंत होता. किती पसंत? तर आधीच्या तीन स्थळांना तिनं मिठाचा चहा पाजून वाटेला लावलं होतं आणि याच्या बशीत दोनदा पोहे वाढले होते. आई गेल्यापासून घर तीच चालवायची, त्यामुळे कुणाला काय पाजायचं हे तिच्याच हातात होतं. अडचण होती ती मुलाच्या आईची. तानूबाई म्हणजे तोंडानं फटकळ आणि रीतीला पक्की बाई.

"भावकी कुठं हाय तुमची, पावणं?" तिनं विचारलं. "चारच्या गाडीनं आमी जाणार बघा. भावकीनं टाकल्याल्या घरातली पोरगी आमी करत न्हाय."

धोंडीराम घाम पुसत अंगणातल्या भट्टीपाशी आला. तिथं सकाळपासून एक गोरा बसला होता. तो लंडनहून आपली मोटार हाकत गोव्याला निघाला होता. पुणे-बेंगलोर रस्त्यावर मोटारीच्या कमानपाट्याचं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचं, पान मोडलं आणि लोकांनी ती ढकलत धोंडीरामच्या दारात आणून सोडली. त्याच्याशी बोलत बसले होते समोरचे बाळासो मास्तर. मास्तरांनी तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, पण खऱ्या इंग्रजाशी बोलायचा योग निवृत्त झाल्यावर आला, तोही लोहाराच्या अंगणात. ते काही केल्या उठायला तयार नव्हते.

"धोंडीराम, ह्याचं नाव हॅरी स्मिथ," मास्तर म्हणाले. "आणि स्मिथ म्हंजे काय ठाऊक हाय का? लोहार! पूर्वी तिकडं गावोगाव लोहार असायचा. लोक त्याच्या पोरांना लोहाराचीच म्हणून ओळखायचे, तेच पुढं आडनाव पडलं. अख्ख्या इंग्लंडात एवढी माणसं दुसऱ्या कुठल्या आडनावाची न्हाईत. लाखांनी हायत, लाखांनी!"

भाता ओढणारा धोंडीरामचा हात थांबला.

"म्हंजे ह्यो लोहार?"

"नावानं लोहारच की."

"मग भावकीच झाली न्हवं!" धोंडीराम उठलाच. आकारामनं दुसरी भावकी बघ म्हटलं होतं आणि देवानं ती मोटारीत घालून दारात पाठवली होती. यापरतं काय पाहिजे माणसाला?

पाच मिनिटांत हॅरी स्मिथच्या डोक्यावर धोंडीरामचा लग्नातला फेटा चढला आणि तो घोंगडीवर मांडी घालायची धडपड करू लागला. हा इथला पाहुणचार असणार अशी त्याची समजूत झाली आणि त्यानं सगळ्यांना हात जोडले. शेजारची मदिनाभाभी चहाचे जादा कप घेऊन आली होती, ती कप हातात धरून तशीच बघत राहिली.

"ह्यो कोण?" तानूबाई.

"आमची भावकी. इंग्लंडातली," धोंडीराम छाती काढून म्हणाला. "तिकडं लाखभर घरं हायत आमची!"

तानूबाईनं स्मिथचा हात ओढून तळवा बघितला. "लोण्यागत हात हायत की. ह्यो घण मारतो व्हय?"

मास्तरांनी विचारून सांगितलं, "न्हाई, पोस्टात कारकून हाय."

"लाखभर घरं म्हटल्यावर समद्यांनी घणच मारायचा व्हय?" धोंडीराम कळवळून म्हणाला.

"बरं, ऱ्हाऊ द्या. पर मला एक सांगा," तानूबाईनं पदर खोचला, "लोहार म्हंजे भावकी असंल तर आमीबी लोहारच की! मग भावकी-भावकीत सोयरीक कशी करायची? मोडलं म्हणा की लगीन!"

झालं! धोंडीरामनं लावलेली शिडी त्याच्याच अंगावर पडली. जयसिंगचा चेहरा पांढराफटक झाला. अंजना मात्र मदिनाभाभीला दंडाला धरून आत घेऊन गेली.

मास्तर हार मानणाऱ्यातले नव्हते. "देवक बघा की वैनी! देवक निराळं असलं की झालं." त्यांनी स्मिथला बरंच काही समजावून विचारलं. तुमच्या घरी कुठल्या वस्तूला मान असतो, असं काहीतरी. स्मिथनं डोकं खाजवलं, विचार केला, आणि मग त्याला एकदम आठवलं.

"ह्यांच्या आज्ज्याच्या दारावर घोड्याची नाल ठोकलेली होती म्हणं," मास्तर ओरडले.

सगळ्यांच्या माना वर गेल्या. धोंडीरामच्या चौकटीवर घोड्याची नाल होती. काळी, गंजलेली, पण नालच.

"आन् आमच्या दारावर लिंबू-मिरची असती," जयसिंग घाईघाईनं म्हणाला. आईसमोर त्यानं उघडलेलं हे पहिलंच तोंड.

तानूबाईनं खोचलेला पदर सोडला. धोंडीरामला वाटलं, जिंकलो. पण स्मिथ पडला भला माणूस, तो आणखी काही सांगू लागला आणि मास्तर पडले खरं बोलणारे, तेही भाषांतर करू लागले.

"ह्यांचा आज्जा मुळातला जर्मनीचा. आडनाव श्मिट. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव नको म्हणून बदलून घेतलं."

"आडनाव बदललं?" तानूबाई ताडकन उठली. "कसली भानगड म्हणायची ही?"

"मास्तर, गप बसायला काय घ्याल?" धोंडीरामनं कपाळावर हात मारला.

"अहो, पुरतं ऐका तर! श्मिट म्हंजेसुद्धा लोहारच!"

"घ्या!" धोंडीराम गरजला. "जर्मनीतबी हाय आमची भावकी! आता बोला!"

तानूबाई खाली बसली. सुपारी ऐरणीवर गेली आणि हातोडी स्मिथच्या हातात. त्यानं डोळे मिटून हातोडी घातली. सुपारी टणकन उडाली आणि सरळ जयसिंगच्या कपाळावर बसली. जयसिंगनं कपाळ चोळत सुपारी शोधली. ती उचलून त्यानं स्वतःच परत ऐरणीवर ठेवली. लग्नाची एवढी तळमळ असलेला जावई कुठं मिळतो!

स्मिथनं दुसऱ्यांदा हातोडी उचलली आणि दारातून आरोळी आली, "खाली ठेव ती!"

आकाराम होता. टोपी वाकडी, एका पायात चप्पल.

"माझ्या आज्ज्याच्या ऐरणीवर सुपारी फोडणारा ह्यो कोण टिक्कोजी?"

"तूच म्हणलास की दुसरी भावकी बघ म्हणून," धोंडीराम म्हणाला. "बघितली."

"अरं, मी मेलो काय? ह्यो असंल लाखातला, मी एकटा हाय एकटा! सरक रं बाजूला!" आकारामनं हातोडी हिसकावली आणि एका घावात सुपारीची दोन शकलं केली. ऐरणीच्या वाटणीचं नावसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही.

धोंडीरामला रडू फुटलं. आकारामनं त्याला मिठी मारली, मग स्मिथलाही मारली, आणि मास्तरांनी उगीचच टाळ्या वाजवल्या. गल्लीत साखर वाटली गेली.

"पर तुला कळलं कसं रं?" धोंडीरामनं डोळे पुसत विचारलं.

"मदिनाभाभी बोंबलत आली की! म्हणाली, तुमच्या मानाच्या जागी गोरा बसलाय, आजपासनं थोरली भावकी त्योच."

सगळ्यांनी आकारामच्या मागं दारात उभ्या असलेल्या मदिनाभाभीकडे बघितलं.

"मला काय इचारता भैया? अंजनानं पढवलं तसं बोलले."

अंजना साखरेचं ताट घेऊन तानूबाईसमोर उभी होती. तिनं मान खाली घातली, पण हसू काही लपलं नाही.

"मग काय करू, आत्या? तुमाला चारची गाडी धरायची व्हती न्हवं?"

तानूबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि पोराकडे वळली.

"जयसिंग, हिचं ऐकायला आत्तापासनं शीक बाबा. मी तर लागले ऐकायला."