गड्ड्यावरचं जहाज

"जहाजाचं मला काय बी विचारा!" असं दानम्मा छातीठोकपणे सांगायची. जन्म सगळा सोलापुरात गेला, समुद्र पाहिला तो फक्त कॅलेंडरवर! पण पेपरातलं शब्दकोडं रोज सोडवून सोडवून शीड, सुकाणू, वल्हं, डोलकाठी हे सगळं तिला घरच्या भांड्यांसारखं पाठ झालं होतं. गल्लीतल्या बायका कोड्यात अडल्या की तिच्याच उंबऱ्यावर यायच्या. हातात चहाची बशी, भोवती चारपाच जणी आणि मध्ये दानम्मा! हा मान तिला जिवापेक्षा प्यारा होता.

संक्रांतीला देवगडहून विहीणबाई आल्या आणि या मानालाच सुरुंग लागला. ही तिच्या मुलाची, अभिमन्यूची सासू. त्या सकाळी कोड्यात आलं, 'जहाजाचा पुढचा भाग, दोन अक्षरं.'

"नाळ!" दानम्मानं घोट न थांबवता उत्तर फेकलं.

"अगदी बरोबर," विहीणबाई गोड हसून म्हणाल्या. "पण नाळ बघितलीत का हो कधी? आमच्या घरच्या होड्या आहेत. नुसते शब्द पाठ करून काय करायचं? वस्तू नको ओळखता यायला?"

बायका फिस्सकन हसल्या. शेजारच्या अजीजानं तर तोंडात पदर कोंबला. दानम्माच्या अंगाचा तिळपापड झाला.

"वळकता येती की! दर वर्षी बसते मी जहाजात!"

"सोलापुरात? कुठे?"

"गड्ड्याच्या जत्रंत! चला संध्याकाळी, समदे भाग दाखवते!"

"मग ठरलं काकू," अजीजा म्हणाली. "जी जहाज वळकंल, उद्यापास्नं कोडं तिच्याकडं!"

अजीजा थट्टेनंच म्हणाली, पण दानम्मा पुरती अडकली. गड्डा यात्रेतलं ते झुलणारं जहाज तिनं आजवर भजी खात खालूनच पाहिलं होतं.

संध्याकाळी अख्खी गल्ली यात्रेत हजर. दानम्माचे यजमान चनबसप्पा हळूच म्हणाले, "अगं, तुला रिक्षा बी लागती!"

"तुमी चपला सांभाळा!" म्हणून ती तरातरा वर चढली.

जहाजात दोन्हीकडची बाकं समोरासमोर होती. दानम्मा एका टोकाला बसली, विहीणबाई दुसऱ्या टोकाला.

"हा मधला खांब, डोलकाठी!" दानम्मा ओरडली. "त्यो खालचा माणूस ब्रेक धरून बसलाय न्हवं, ते सुकाणू!" खालून टाळ्या पडल्या.

"आणि नाळ?" समोरून प्रश्न आला.

"ही काय, माझ्या पाठीमागं! सोनेरी मगरीचं तोंड दिसंना व्हय?"

"मग माझ्या पाठीमागे काय आहे?"

तिकडंही तसंच तोंड, तीच मगर, तोच सोनेरी रंग! दानम्मा उत्तर शोधेपर्यंत जहाज हललं. तिचं टोक वर गेलं.

"बघा! मी पुढं चालले! नाळ माझ्याकडंच!"

तेवढ्यात जहाज उलटं फिरलं. विहीणबाई आभाळात! "आता बघा! पुढे मी!"

"यव्वा गं, परत मी!"

"आता मी!"

खालच्या माणसानं ब्रेक दाबला, तशी दानम्मानं दांडा गच्च धरला. "थांबवू नगंस! निकाल लागल्याबिगर मी उतरनार न्हाय!"

"मीही नाही!" विहीणबाई गरजल्या.

रांगेतल्या लोकांना हा खेळ फुकटात मिळाला होता. त्यांनीच "होऊ दे, होऊ दे" केलं आणि जहाज पुन्हा सुटलं. या खेपेला मात्र दानम्माच्या पोटातली दुपारची कडक भाकरी गळ्याशी आली. पण दांडा काही तिनं सोडला नाही! समोर विहीणबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. कोकणातले सगळे देव त्यांनी कामाला लावले होते.

उतरताना दोघी एकमेकींना धरूनच पायऱ्या उतरल्या. विहीणबाई कानात म्हणाल्या, "खाली कुणाला सांगू नका हं. मला होडी लागते हो! लग्न होऊन आले तेव्हा एकदाच चढले, पुन्हा नाही. किनाऱ्यावरूनच बघते सगळं!"

दानम्माला खरं तर नाचावंसं वाटलं. एका वाक्यात गल्ली जिंकता आली असती! पण त्या बाईनं हात असा घट्ट धरला होता की तिला त्यांची भारीच दया आली.

"मग काकू? नाळ कुठाय?" अजीजानं विचारलं.

"दोन असत्यात!" दानम्मा घुश्शात म्हणाली. "एक माझ्याकडं, एक यांच्याकडं. सोलापूरच्या जहाजाला दोन नाळा असत्यात! कुनाला पटत नसंल त्यानं वर जाऊन बसावं!"

वर कुणीच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यात दोघी विहिणी मांडीला मांडी लावून बसल्या. अजीजानं पेपर उघडून वाचलं, "जहाजाचा मागचा भाग, चार अक्षरं."

दानम्मानं विहीणबाईंकडं पाहिलं. विहीणबाईंनी छताकडं पाहिलं.

"आमच्या जहाजाला मागचा भाग नसतोय!" दानम्मा कडाडली. "म्होरला शब्द वाच!"