वस्तू तिथे कागद

जावईबापूंच्या घरातले सगळे महत्त्वाचे कागद एका उशीच्या अभ्र्यात असत. उशी केव्हाच फाटून गेली होती, अभ्रा मात्र इमानाने टिकला होता. कागद आला की बायको तो अभ्र्यात टाकायची आणि प्राप्तिकराचे दिवस आले की अभ्रा पलंगावर उपडा करायची. हवं ते सापडायचं. सोबत नको तेही सापडायचं, एवढाच काय तो दोष.

गेल्या वर्षी नेमका हा दोष नडला. बायकोचा थोरला भाऊ करसल्लागार, घरच्यांचं विवरणपत्र तोच भरायचा. त्याने पावत्या शोधायला अभ्र्यात हात घातला आणि हाती लागलं जावईबापूंचं पाचवीतलं प्रगतिपुस्तक. गणितात काठावर पास. आणि खाली बाईंचा शेरा, 'वस्तू जागच्या जागी ठेवत नाही.' जावईबापू पंपांच्या कारखान्यात मुख्य स्टोअरकीपर होते. जिथे एकेका बोल्टला हक्काचा कप्पा होता अशा स्टोअरचे! तो शेरा आठवडाभरात साऱ्या नातेवाइकांना तोंडपाठ झाला.

म्हणून यंदा स्टोअरकीपरनी आपण होऊन फोन केला. "दादा, रविवारी चारला या. चहा निवायच्या आत सगळे कागद तुमच्या हातात."

"आणि नाही मिळाले तर?"

"तर ते प्रगतिपुस्तक फ्रेम करून हॉलमध्ये लावतो!"

"फ्रेम मी आणतो," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात भलतीच माया होती.

शनिवारी स्टोअरकीपरनी अभ्रा रिकामा केला. कारखान्यात वस्तूचं कार्ड वस्तूलाच बांधलेलं असे. तोच नियम त्यांनी घराला लावला. "वस्तू तिथे कागद," ते बायकोला म्हणाले. "म्हणजे शोधायलाच नको. लेकीच्या फीची पावती लेकीच्या दप्तरात. देणगीची पावती देणगीच्या पिशवीत."

"अहो, त्या पिशवीत जुने कपडे आहेत. संस्थेत द्यायचेत."

"आणि देणगी कुणाला दिली होती? त्याच संस्थेला ना? बघ, कसं जुळलं!"

"आणि तुमच्या विम्याची पावती?"

"विमा माझा. म्हणजे वस्तू मी. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात."

"वस्तू आहात हे उशिरा का होईना, कबूल केलंत," बायको म्हणाली.

घरकर्जाच्या व्याजाचा दाखला मात्र बराच वेळ त्यांच्या हातात राहिला. इथे वस्तू म्हणजे अख्खं घर. घर कुठे सुरू होतं? दारात. त्यांनी दाखला दारातल्या पायपुसण्याखाली नीट सरळ करून ठेवला आणि त्या रात्री ते फार दिवसांनी गाढ झोपले.

रविवारी चारच्या ठोक्याला दादा दारात हजर. काखेत फ्रेम. वाटेत कुठेतरी पाण्याचा पाइप फुटला होता, त्यामुळे बूट चिखलाने बरबटलेले. दादा माणूस स्वच्छतेचा मोठा भोक्ता. तो पायपुसण्यावर उभा राहिला आणि मन लावून बूट घासू लागला.

"पुरे, पुरे दादा!" स्टोअरकीपर ओरडले.

"अहो, बघा तरी किती चिखल आहे!"

"तुम्ही माझ्या व्याजावर नाचताय!"

दादाला बाजूला करून दाखला काढण्यात आला. बाजूला झालेला दादा सोफ्यावर बसला आणि पोटभर हसला. दाखल्यातले आकडे शाबूत होते, पण त्यावर आठ नंबरचा बूट स्पष्ट उमटला होता. बायकोने पातेल्यात चहा चढवला आणि दुसरीकडे इस्त्री तापवली.

"हरकत नाही," दादा म्हणाला. "विमा?"

स्टोअरकीपरनी रुबाबात कपाट उघडलं. कपाटात कोट नव्हता.

"कोट सकाळीच लाँड्रीत दिला," बायको दाखल्यावर इस्त्री फिरवत म्हणाली. "बाहीला डिंक लागला होता. काल कुणीतरी कागदांना लेबलं चिकटवत होतं."

"फी?" दादाने विचारलं.

लेक प्रोजेक्ट करायला मैत्रिणीकडे गेली होती. अर्थात दप्तर घेऊन.

"देणगी?"

कोपऱ्यात काल पिशवी होती. आज नुसता कोपरा होता. स्टोअरकीपरनी जपमाळ ओढत बसलेल्या आपल्या आईकडे पाहिलं.

"तो संस्थेचा माणूस सकाळी आला, दिली की मी पिशवी," आई म्हणाल्या. "तूच म्हणालास ना, वस्तू जिथली तिथे गेली पाहिजे?"

दादाने फ्रेमची काच रुमालाने पुसायला घेतली. जावईबापूंना तो आवाज सहन होईना. त्यांनी चपला अडकवल्या. "दादा, चहा होईपर्यंत आलोच!" आणि जिन्यावरून ते असे उतरले की खालच्या मजल्यावरचे लोक काय पेटलं म्हणून बाहेर आले.

लाँड्रीवाला दुकान बंद करून दुपारचं राहिलेलं जेवण जेवायला गेला होता. त्याचं घर मागच्या गल्लीत निघालं. त्याला भरल्या ताटावरून उठवणं स्टोअरकीपरना बरं वाटेना, म्हणून ते समोर बसून राहिले. तसं बसलेलं त्याला बरं वाटेना, म्हणून तोच उठला. पावती खिशात होती, कोटासकट कडक इस्त्री झालेली. तिथून ते मैत्रिणीच्या घरी गेले.

"बाबा, तो कागद होय? मागून कोरा होता," लेक म्हणाली. "म्हणून त्याच्यावर बेडकाचं पोट काढलं."

संस्थेत मात्र त्यांना शोधावं लागलं नाही. दारातच व्यवस्थापकबाई उभ्या होत्या.

"काका, तुमच्या पिशवीत आमचीच पावती निघाली. आमची पावतीसुद्धा आम्हालाच दान केलीत?"

घामाने निथळत ते घरी पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. दादाने एकेक कागद टेबलावर मांडला. बुटाचा ठसा असलेला दाखला, कडक विमा, पाठीवर बेडूक घेऊन आलेली फी, परत आलेलं दान. एकही कमी नव्हता.

"सगळं आहे," दादा म्हणाला आणि त्याने फ्रेम पुढे सरकवली. "पण जावईबापू, चहा निवायच्या आत असं ठरलं होतं. चहा झाला चारला. आता बघा किती वाजले."

 स्टोअरकीपरनी हॉलच्या भिंतीवरचा खिळा पाहून ठेवला.

तेवढ्यात बायकोने कप आणून दादासमोर ठेवला. "घे."

दादाने घोट घेतला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "हा चहा आहे का काढा?"

"चारचाच चहा आहे. मंद गॅसवर ठेवला होता."

"इतका वेळ?"

"दादा, नीट सांग. जीभ पोळली का नाही?"

"पोळली."

"म्हणजे निवला नाही. म्हणजे यांनी वेळेत दिलं."

आई पदराआड हसल्या. करसल्लागाराने आयुष्यभर लोकांना पळवाटा शोधून दिल्या होत्या. आपल्या बहिणीने शोधलेल्या पळवाटेपुढे त्याने हात जोडले. फ्रेम पुन्हा काखेत गेली. स्टोअरकीपरनी बायकोकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी ते तिच्यावर नव्याने भाळले, आणि तेही पातेल्याच्या बुडाला लागलेल्या चहापायी.

"ए, मलाही दे अर्धा कप," ते म्हणाले.

"पिववणार नाही हो तुम्हाला."

"पिववेल."

दादा गेल्यावर बायको स्वयंपाकघरात पातेलं घासत बसली, आणि बाहेर स्टोअरकीपरनी प्रगतिपुस्तकासकट सगळे कागद गुपचूप गोळा करून अभ्र्यात भरले. मग कारखान्यातलं एक कोरं कार्ड काढून त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि ते दोऱ्याने अभ्र्याला बांधलं.

सकाळी बायकोने ते वाचलं. 'वस्तू : कागद. ताबा : हिच्याकडे. शेरा : जागच्या जागी आहेत.'