वानखेडेजी आणि मागची खडखड

वानखेडेजी रस्त्यात कधीही मागे वळून बघत नसत. मागून हाक मारा, घंटी वाजवा, हे गृहस्थ आपल्या काळ्या, उंच सायकलवर ताठ बसून पुढे. एकदा त्यांच्या कॅरिअरवरची पिशवी फाटली आणि आमच्या सुदामा नगरच्या गल्लीभर बटाटे घरंगळत गेले. चार घरच्या बायका ओरडत राहिल्या. वानखेडेजी घरी पोहोचले तेव्हा पिशवीत तीन बटाटे उरले होते, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे तीन बटाट्यांचीच भाजी झाली.

"आमचे आजोबा महूच्या पलटनीत होते, भिया," त्यांनी मला समजावलं. "पलटनीत मागे नाही बघत. सीधा चलने का."

खरं म्हणजे त्यांना त्या बायकांचा ओरडा ऐकूच आला नसावा. कापडमिलच्या विणाई खात्यात ते लूम फिटर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. पंचवीस वर्षं शेकडो लुमांच्या धडधडीत काढल्यामुळे कानांचे तीनतेरा वाजले होते. त्या खात्यात बोललेलं कुणालाच ऐकू येत नसे, सगळे एकमेकांचे ओठ वाचत. ही सवय वानखेडेजींनी घरी आणली होती. ते समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. माझी आई त्यांच्याशी बोलताना सारखी पदराने ओठ पुसायची, तिला वाटायचं काहीतरी चिकटलंय. मी एकदा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून त्यांच्याविषयी पुटपुटलो होतो. त्यांनी अलीकडून उत्तर दिलं.

माणसाचा आवाज येत नसला तरी यंत्राचं त्यांना सगळं कळायचं. कुणाच्याही घरी गेले की आधी पंख्याखाली उभे राहायचे, नाहीतर मिक्सरवर तळहात टेकवायचे. "बेअरिंग गेली," निदान तयार. "मशीन झूठ नहीं बोलती." हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते म्हणताना ते आपल्याकडे अशा नजरेने बघायचे की आपण काहीतरी खोटं बोललोय असं वाटावं.

मग मिल बंद पडली. शहरातले भोंगे एकेक करून गप्प झाले. माझ्यासारख्याला ते बरंच वाटलं. मी कचेरीत फायलींमध्ये मान घालून बसणारा माणूस, मला अलार्मच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा सहन होत नाही. पण वानखेडेजींची झोप उडाली. "इतनी शांती में नींद कैसे आएगी, भिया," ते म्हणायचे आणि सकाळी सकाळी आमच्या दारात येऊन आमचा पंखा तपासायचे. आमच्या पंख्याने इतकं तेल आयुष्यात पाहिलं नव्हतं.

अशात सुमनताईंना काम मिळालं. सुमनताई म्हणजे त्यांची बायको. शिवणकाम उत्तम, बोलणं कमी. एका संस्थेचं शिवण केंद्र धार रोडवर, बेटम्याच्या अलीकडे, एका टेकडीवरच्या गावात निघणार होतं. अट एकच, शिक्षिकेने आपलं आपण पोहोचायचं. बस फाट्यावर सोडायची, तिथून पुढे चार किलोमीटर कच्चा चढ. केंद्र सुरू होईल त्या सोमवारी हजर झाल्या नाहीत तर काम दुसरीला. घरात दुसरी मिळकत नव्हती. आणि सुमनताईंना बेचाळिसाव्या वर्षी सायकल येत नव्हती.

वानखेडेजींनी महिनाभर आधीच गिअर बदलता येणारी एक जुनी सायकल आणली. बाजारात तेव्हा अशा जाड टायरच्या सायकली नुकत्याच दिसू लागल्या होत्या, कॉलेजातली पोरं त्या मिरवायची. कुणा मुलीने दोन महिन्यांत कंटाळून टाकलेली होती. वानखेडेजी तिला "डोंगरवाली" म्हणायचे. ओढणी अडकू नये म्हणून त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून चेनला कव्हर केलं. त्यावर अर्धं सूर्यफूल अजून दिसत होतं. सुमनताईंनी आयुष्यात पहिल्यांदा सलवार-कुर्ता घातला, त्यावर कॉलनीने दोन दिवस चर्चा केली आणि मग तीही दमली.

रोज पहाटे मैदानात शिकवणी चाले. वानखेडेजी आपल्या काळ्या सायकलवर पुढे, सुमनताई डोंगरवालीवर मागे. त्या पडत. वानखेडेजी थांबत, पण वळत नसत. पाठ करून, एक पाय जमिनीवर टेकवून उभे. त्या उठत, धूळ झटकत, निघत, की हेही निघत. माझी आई गॅलरीतून बघून रोज चिडायची. "बायको पडली तरी वळून बघवत नाही मेल्याला. कसलं काळीज आहे."

मला त्या काळजाशी देणंघेणं नव्हतं. मला छळत होती ती खडखड. सुमनताईंच्या सायकलचं मागचं मडगार्ड सैल होतं, आणि त्याच्या बोल्टमध्ये कसलासा लोखंडी वायसर लटकत होता. सायकल चालली की खड् खड् खड्. जगाच्या पंख्यांची बेअरिंग ओळखणाऱ्या माणसाच्या घरची सायकल, आणि तिची ही अवस्था. पहाटे साडेपाचला ती खडखड माझ्या उशीत शिरायची. एकदा मी बोलून पाहिलं. ते माझ्या ओठांकडे बघून हसले आणि म्हणाले, "वाजू दे."

शनिवारी संध्याकाळी ते दोघं बाहेर गेले असताना मी माझ्या स्कूटरचा पाना घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. वायसर काढून टाकला, बोल्ट घट्ट आवळला. एक शेजारधर्म पार पडला म्हणून मी खूश होतो.

रविवारी रंगीत तालीम होती. आईने मला सोबत धाडलं. "त्या माणसाच्या भरवशावर सुमन नको," ती म्हणाली. तीन सायकली बसच्या टपावर चढवून आम्ही फाट्यावर उतरलो. दोन्ही बाजूंना हिरवा गहू, मधून मुरमाचा चढ, जागोजागी दगड. थंडी बोचत होती. वानखेडेजी पुढे निघाले, सुमनताई मागे, सर्वांत शेवटी मी, धापा टाकत.

वीस-पंचवीस कदम गेले आणि वानखेडेजी थांबले. पाठ करून उभे राहिले. सुमनताई तर छान चालवत होत्या. त्यांना थांबावं लागलं. हे पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा मात्र ते सायकलसकट वळले. रस्त्यात त्यांचा चेहरा समोरून मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. तो घाबरलेला होता.

"पडलीस?"

"नाही हो."

"मग आवाज का नाही?"

ते खाली बसले, मडगार्डला हात लावला. "हे टाइट कुणी केलं?"

मी कबूल केलं. मला वाटलं होतं आभार मानतील. त्यांनी तो बोल्ट अंगठ्याने चाचपला.

"भिया, खात्यात माझ्या पाठीमागे दोन लाइनी चालायच्या. एक लूम बंद पडला तर न बघता समजायचं. आवाजात खड्डा पडतो. आता बारीक आवाज येत नाहीत मला. हिची हाक नाही येत. हा लोखंडाचा तेवढा येतो. म्हणून तो वायसर मी टाकला होता."

"पण मग मागे बघायचं ना एकदा."

"यांनी बघितलं की मी पडते," सुमनताई शांतपणे म्हणाल्या. "पहिल्या दिवशी दर पावलाला वळत होते. मी रस्ता सोडून यांचं तोंड बघायची आणि धाडकन खाली. मीच सांगितलं, बघू नका."

मी ओशाळून खिसे चाचपले. पाना घरी राहिला होता. वानखेडेजींनी चढाकडे पाहिलं, मग सुमनताईंकडे. "चल परत. उद्याचं उद्या बघू. मला असं नाही जमणार."

"उद्या मला एकटीलाच यायचंय," सुमनताई म्हणाल्या. "तुम्ही मागून या. मी पुढे होते."

आणि त्या निघाल्या. गिअर बदलल्याचा कट् असा आवाज आला. डोंगरवाली दगड चुकवत, थोडी डुलत, पण न थांबता वर गेली. वानखेडेजींच्या काळ्या सायकलला गिअर कुठला? अर्ध्या चढावर त्यांना उतरावं लागलं. आयुष्यात कधी सायकल ढकलली नाही असं सांगणारा तो माणूस, दोन्ही हातांनी सायकल ढकलत, मान खाली घालून चढत होता. मी तर कधीच उतरलो होतो.

माथ्यावर सुमनताई थांबल्या होत्या. पाय जमिनीवर टेकवून, आमच्याकडे पाठ करून उभ्या. आम्ही पोहोचेपर्यंत त्या एकदाही वळल्या नाहीत. वानखेडेजींनी आधी सायकलवर बसून घेतलं, श्वास सावरला आणि मगच घंटी वाजवली.

"आलात?" त्या समोर बघतच म्हणाल्या.

घरी आल्या आल्या मी पाना आणला आणि बोल्ट माझ्या हाताने सैल केला. वायसर मात्र वानखेडेजींनीच बसवला. दोनदा काढून लावला, मनासारखा वाजेपर्यंत.

सोमवारी मी कचेरीतून परतलो तेव्हा वानखेडेजी गल्लीच्या तोंडाशी, नाल्यावरच्या पुलियाच्या कठड्यावर बसले होते. अर्थात रस्त्याकडे पाठ करून. मी शेजारी बसलो. धारची बस केव्हाच यायला हवी होती. ते मान एका बाजूला कलती करून बसले होते. आमच्या पाठीमागून दोन स्कूटर गेल्या, एक भाजीचा ठेला गेला.

मग लांबून, अगदी बारीक, ती खडखड मला ऐकू आली. वानखेडेजींना अजून आली नव्हती. मी उठून त्यांच्या समोर उभा राहिलो आणि ओठ नीट हलवून म्हणालो, "आल्या."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्या कानांकडे. "पक्का?"

"मशीन झूठ नहीं बोलती," मी म्हणालो.

ते लगबगीने घराकडे निघाले. जाताना बजावलं, "मी इथे बसलो होतो, बोलू नको हिला."

सुमनताई वळणावरून आल्या, धुळीने माखलेल्या, चेहरा फुललेला. पुलियापाशी उतरल्या, रिकाम्या जागेकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "किती वेळ बसले होते?"

मी वाकून चपलेचा बंद नीट करू लागलो. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. फाटकाशी पोहोचल्यावर त्यांनी सायकल जागच्या जागी दोनदा जोरात हलवली, घरात ऐकू जाईल इतकी. आतून चहासाठी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.