पत्र्याखालची चाचणी

सकाळचा चहा घेता घेता फेसरावांनी बायकोला सांगितलं, की आजपासून काही दिवस बेडरूममध्ये कुणी झोपायचं नाही, तिथे दाढीच्या फेसाचे डबे राहणार आहेत. बायकोने कप विसळला, सूटकेस काढून पलंगावर उघडी टाकली आणि तिच्यात कपडे भरायला घेतले.

"कुठे निघालीस?"

"धाकट्या बहिणीकडे. उन्हाळा संपला की येईन."

फेसराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. दाढीच्या फेसाचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात माल रवाना करण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी पाठवलेला कंटेनर आधी बंदरात तापला, मग जहाजावर सगळ्यांत वरच्या थरात बसून आणखी तापला. आतल्या डब्यांमधला वायू फुगला, डबे फुटले आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाने दार उघडलं तेव्हा माल आपण होऊन बाहेर आला. फेस गुडघ्यापर्यंत होता, असं गिऱ्हाइकाने कळवलं. कारखान्याने त्यांचं नामकरण त्याच दिवशी उरकलं.

यंदा फेसरावांनी कंबर कसली होती. ऊन परतवणारं चंदेरी कापड आणायचं आणि कंटेनरला आतून त्याचं अस्तर लावायचं, असा त्यांचा बेत होता. पण अस्तर खरंच कामाचं आहे का, हे आधी बघायला हवं आणि त्यासाठी कंटेनरइतकी तापणारी जागा हवी. कारखान्याचं गोदाम उंच आणि हवेशीर. तेव्हा फेसराव भर मीटिंगमध्ये उठून अभिमानाने म्हणाले, की त्यांच्या बेडरूमइतकी गरम जागा शोधून सापडणार नाही. वर नुसता पत्रा आहे, दुपारी तिथे अक्षरशः भट्टी होते. मालक खूश झाले.

गोम इथेच होती. हीच गोष्ट बायको लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात सांगत आली होती आणि दर उन्हाळ्यात फेसराव "इतकं काही गरम होत नाही" म्हणून पेपरात डोकं खुपसत आले होते. काल संध्याकाळी मालकांनी कौतुकाने घरी फोन केला, तो नेमका तिने उचलला. तुमची खोली म्हणजे भट्टीच आहे म्हणे वहिनी, फार मोठी सोय झाली, असं म्हणून त्यांनी तिचे आभारही मानले.

फेसरावांना कळत होतं की चूक आपली आहे. तिने जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. तिच्याशिवाय त्यांना घरात चष्मासुद्धा सापडत नसे. पण "जाऊ नकोस" म्हणायला गेले की तोंडातून भलतंच काही निघायचं. शेवटी ते म्हणाले, "जाणार असशील तर सकाळच्या गाडीने जा. दुपारची फार तापते." बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते खोक्यांची दोरी सोडायला निघून गेले.

चाचणी रीतसर होती. एक खोकं चंदेरी कापडात गुंडाळून पलंगाखाली ठेवलं. दुसरं उघडंबोडकं, थेट पत्र्याखालच्या फळीवर चढवलं. हा जहाजावरचा सगळ्यांत वरचा कंटेनर. खिडक्या बंद, कारण कंटेनरला खिडक्या नसतात. दाराला कुलूप, कारण डबे फुटले तर कुणाला लागायला नको. हे सगळं करताना पलंगावरची सूटकेस उघडीच राहिली आहे आणि ती बरोबर फळीच्या खाली आहे, हे तेवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी वरून फट् असा आवाज आला. मग थोडं थांबून बरेच फट् फट् झाले. खोली निवल्यावर संध्याकाळी फेसरावांनी दार उघडलं, तर सूटकेस काठोकाठ भरली होती आणि घरभर लिंबाचा वास सुटला होता. पलंगाखालचं खोकं मात्र जसंच्या तसं होतं. फेसरावांना आनंद झाला आणि तो तोंडावर दिसू नये म्हणून त्यांची फार तारांबळ उडाली.

त्यांनी सगळे कपडे स्वतः धुतले. फेस काही केल्या संपेना. पाणी ओतलं की तो वाढायचा. बायको दारात उभी राहून बघत होती.

"वाळेपर्यंत तरी थांबशील ना?" त्यांनी तिच्याकडे न बघताच विचारलं.

"वाळेपर्यंत थांबते."

फेसरावांनी कपडे सावलीत वाळत घातले, तेही एकावर एक.

मग त्यांनी चाचणीचा दुसरा भाग हाती घेतला. अख्ख्या खोलीला अस्तर लावलं. पत्रा आणि कापड यांच्यामध्ये हवेला फट ठेवली. खोकी भिंतीपासून सुटी, लाकडी पट्ट्यांवर रचली. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी ते आत गेले आणि थबकले. खोली सुसह्य होती. डबे थंड डोक्याने बसले होते. बायको जरा बघते म्हणून आत आली, पलंगावर टेकली आणि तिला तिथेच गाढ झोप लागली. त्यानंतर धाकटीचं नाव निघालं नाही. कपडे वाळले, त्यांना इस्त्री झाली, ते कपाटात गेले. फेसराव हवेत होते.

आणि मालकांचा फोन आला. यंदा कंटेनरला जहाजाच्या पोटात जागा मिळाली होती, इंजिनापासून लांब. उद्याच भरायचा होता. पण बंदरात तो तापणारच होता आणि नवीन कापड काही वेळेवर येत नव्हतं, तेव्हा घरचं अस्तर काढून आणायला त्यांनी सांगितलं.

फेसरावांचं जेवणावरून मन उडालं. शिडी घेऊन ते खोलीत आले, वर चढले आणि पहिला खिळा उपटायच्या ऐवजी नुसतेच त्याच्याकडे बघत राहिले. खाली बायकोने शिडी धरली होती.

"काढा की. उद्या माल जायचाय ना?"

"हे काढलं की पुन्हा भट्टी होईल."

"होईल."

"मग तू जाशील."

तिने शिडी आणखी घट्ट धरली. शिडीवरून खाली बघत माणसाला खोटं बोलणं अवघड जात असावं.

"जाऊ नकोस," फेसराव म्हणाले. "खोली तापते. पहिल्यापासून तापते. मला माहीत होतं, पण मान्य केलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. डब्यांसाठी केलं, तुझ्यासाठी नाही केलं. माझं चुकलं."

बायकोने पदराने डोळे टिपले आणि मग हसायलाच लागली. "तिकीट काढलंय कुणी? दर उन्हाळ्याला मनात येतं, एकदा जाते म्हणावं, बघू थांबवतात का. तुम्ही गाडीची वेळ सांगितलीत."

"आणि सूटकेस?"

"देऊन टाकायचे कपडे होते ते. तुम्ही इतक्या मायेने धूत होतात, बोलवेना मला."

फेसराव शिडीच्या वरच्या पायरीवरच बसले. बऱ्याच वेळाने दोघांनी मिळून अस्तर उतरवलं आणि खोली लगेच आपल्या मूळ स्वभावावर गेली.

दुसऱ्या दिवशी कंटेनर भरताना फेसरावांनी भिंतींना अस्तर लावलं, छताला लावलं आणि जमिनीशी येऊन थांबले. बंदरात काय, जहाजावर काय, ऊन खालून येत नाही, शिवाय खोकी लाकडी पट्ट्यांवरच बसणार होती. त्यांनी मालकांना हे नीट समजावून सांगितलं, मालकांनी मान डोलावली आणि जमिनीचा तुकडा गुंडाळून, काखेत मारून फेसराव घरी आले.

तो त्यांनी पलंगावर, पत्र्यापासून फट ठेवून ताणून बांधला. भिंती आणि छत झाल्यावर उरलेला तुकडा लहानच होता. मोजून बघितला तर एका माणसापुरतीच सावली पडत होती. ती त्यांनी बायकोच्या बाजूला घेतली आणि आपण उघड्या पत्र्याखालच्या अर्ध्या पलंगावर आडवे झाले.

"इकडे सरका," ती म्हणाली.

"मावणार नाही."

"सरका तर."

दोघंही मावली.